डेबियन १३चं रिअल-टाइम कर्नल: आवाजातला उशीर शोधायला किती कामाचं?

रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोनमध्ये मध्येच ‘टक्’ होतं, गायकाला स्वतःचा आवाज मागून येतो, आणि कुणीतरी सांगतं, “रिअल-टाइम कर्नल टाका, सगळं जागेवर येईल.” सोलापुरात घरातल्याच एखाद्या खोलीत भजनं, सिद्धरामेश्वरांची वचनं, कन्नड-तेलुगू भक्तिगीतं किंवा नाटकाचं पार्श्वसंगीत लिनक्सवर रेकॉर्ड करणाऱ्यांनी हा सल्ला ऐकलेला असेल. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठल्या कामाला प्रोसेसर कधी मिळेल ते तेच ठरवतं; रिअल-टाइम कर्नल तातडीच्या कामाला फार ताटकळू देत नाही. डेबियन १३ या लिनक्स वितरणाबरोबर मिळणारं रिअल-टाइम कर्नल आम्ही मनापासून सुचवतो. ते बसवलं की कर्नलच्या बाजूने होणारा उशीर इतका आवळला जातो, की उरलेली कडकड कुठून येते ते मोजून दाखवता येतं. नुसतं बसवून कडकड थांबेल अशी अपेक्षा असेल, तर मात्र निराशा होईल.

आधी वस्तूची ओळख. प्रीएम्प्ट-आरटी नावाचे हे बदल जवळपास वीस वर्षं मुख्य लिनक्सच्या बाहेर, वेगळा पॅच म्हणून सांभाळले गेले. थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे चिकाटीचं काम. १७ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या ६.१२ आवृत्तीत ते मुख्य कर्नलचा भाग झाले. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेलं डेबियन १३ याच ६.१२ वर उभं आहे. त्यामुळे आता पॅच लावणं, रात्रभर कर्नल कंपाइल करणं यातलं काहीच करावं लागत नाही. ‘लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४’ हे पॅकेज डेबियनच्या ‘ॲप्ट’ या कमांडने घ्यायचं आणि संगणक परत सुरू करायचा. खर्च शून्य, सुरक्षेचे अपडेट नेहमीच्या वाटेने येतात, आणि जुनं साधं कर्नल संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत जागेवर राहतं. ते काढून टाकू नका. पुढे तुलना करायला तेच लागणार आहे.

बसवल्यावर टर्मिनलमध्ये ‘यूनेम’ या कमांडला छोटा ‘व्ही’ पर्याय देऊन खात्री करा: उत्तरात ‘प्रीएम्प्ट आरटी’ दिसायला हवं. ‘प्रीएम्प्ट डायनॅमिक’ दिसलं तर तुम्ही अजून साध्या कर्नलवरच आहात.

आतून दोन मोठे बदल होतात. एकाच गोष्टीला दोन कामांनी एकदम हात लावू नये म्हणून कर्नल कुलुपं वापरतं. साध्या कर्नलमध्ये बरीचशी कुलुपं अशी असतात की ती धरलेली असताना त्या कोअरवर दुसरं कुणीच घुसू शकत नाही. इथे त्यांतली बहुतेक कुलुपं झोपू शकणारी होतात. कमी प्रायोरिटीच्या कामाने कुलूप धरलं असेल आणि ऑडिओ त्याची वाट पाहत असेल, तर ते कुलूप सुटेपर्यंत त्या कामाला ऑडिओची प्रायोरिटी उसनी मिळते. दुसरं, इंटरप्टची, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाकांची, कामं वेगळ्या थ्रेडमध्ये (स्वतंत्र रांगेत लागणाऱ्या कामांत) जातात आणि प्रत्येक थ्रेडला प्रायोरिटी मिळते: ठरलेली ५०. आकडा मोठा तितका मान आधी. हा ५० आकडा लक्षात ठेवा, खाली त्याचीच गाठ सोडवायची आहे.

किती उशीर म्हणजे उशीर, हे आधी आकड्यांत ठरवू. संगणक आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो; त्या तुकड्याला बफर म्हणतात आणि त्यातल्या एकेका नमुन्याला फ्रेम. ४८,००० सॅम्पल रेटला ६४ फ्रेमचा बफर १.३३ मिलिसेकंदांचा, १२८ चा २.६७, २५६ चा ५.३३ आणि १०२४ चा २१.३ मिलिसेकंदांचा. माइकपासून हेडफोनपर्यंत जाताना आत एक आणि बाहेर साधारण दोन बफर धरा, म्हणजे १२८ ला ८ मिलिसेकंद. त्यावर यूएसबी आणि कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची, आणि मात्रेला चार बोल वाजवले तर एक बोल ५० चा. १०२४ चा बफर ठेवून तबलजीला हेडफोन दिला तर त्याचा बोल त्याला ६० मिलिसेकंदांनी ऐकू येईल, म्हणजे तोवर पुढचा बोल वाजून गेलेला असेल. याउलट ८-१० मिलिसेकंद म्हणजे स्पीकर तीन-साडेतीन मीटरवर असण्याइतकंच. मे महिन्यातल्या ४० अंशांत आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३५ सेंटीमीटर. तेवढा उशीर वादक सांभाळून घेतात. म्हणून गायनासाठी १२८, तालवाद्यासाठी जमलं तर ६४, आणि मिक्सिंग करताना निवांत १०२४, असं आमचं मत. मिक्सिंगला छोटा बफर ठेवून काहीही मिळत नाही.

आता दोष शोधायची खरी सुरुवात, आणि ती कर्नलपासून करू नका. घरघर किंवा सतत गुणगुण येत असेल तर तो अर्थिंगचा किंवा केबलचा प्रश्न. त्याचा लेटन्सीशी, म्हणजे उशिराशी, संबंध नाही. आवाज अर्धा-एक सेकंद पूर्ण गायब होऊन परत आला तर कर्नलच्या नोंदी दाखवणारी ‘डीमेसेज’ कमांड पाहा. तिथे यूएसबी तुटल्याची आणि परत जोडल्याची ओळ असेल तर वीज इन्व्हर्टरवर जाता-येताना झटका बसतोय, केबल सैल आहे किंवा हबला पुरेशी वीज मिळत नाही. शेजारी यंत्रमाग चालत असतील आणि व्होल्टेज खालीवर होत असेल, तर आधी ऑनलाइन प्रकारचा यूपीएस लावा, मग कर्नलकडे वळा. बारीक, सुटी ‘टक्’, तीही काम वाढलं की जास्त, ही मात्र आपल्या विषयातली. बफर वेळेत भरला नाही की असं होतं. त्याला एक्सरन म्हणतात.

एक्सरन मोजायला पाइपवायरबरोबर (लिनक्सवर आवाजाची ने-आण करणारी सेवा) येणारं ‘पीडब्ल्यू-टॉप’ पुरेसं आहे. त्यातला ‘एरर’ रकाना एक्सरन मोजतो. गाणं वाजत असताना तो वाढतो का ते बघा आणि कुणाच्या ओळीत वाढतो तेही बघा. त्याशेजारचे दोन रकाने जास्त बोलके आहेत. ‘वेट’ म्हणजे त्या प्रोग्रामचं काम तयार झाल्यापासून ते प्रत्यक्ष सुरू होईपर्यंतचा वेळ, ‘बिझी’ म्हणजे त्याने काम करायला घेतलेला वेळ. दोन्हींचं बफरशी गुणोत्तरही तिथेच मिळतं. ‘बिझी’चं गुणोत्तर ०.७-०.८ च्या पुढे जात असेल तर तुमचे रिव्हर्ब आणि सिंथ प्रोसेसरला जड झालेत. जगातलं कुठलंही कर्नल तिथे मदत करणार नाही. बफर वाढवा किंवा ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे इफेक्टसकट तयार आवाजात बदलून ठेवा. ‘बिझी’ छोटं आणि ‘वेट’ अधूनमधून उसळतंय, तर प्रोग्रामला उठवायला उशीर होतोय, आणि तेव्हाच रिअल-टाइम कर्नलचा विषय निघतो. इथे एक फसगत होते: सर्वात वरच्या, ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) ओळीत ‘वेट’चा अर्थ वेगळा आहे. तिथे तो पूर्ण साखळी संपायला लागलेला वेळ दाखवतो. तो मोठा दिसला म्हणून घाबरू नका.

हे करतानाच इंटरफेसचं प्रोफाइल ‘प्रो ऑडिओ’ करून घ्या. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये पाइपवायर टायमर लावून अंदाजाने जागं होतं. प्रो ऑडिओमध्ये ते इंटरफेसच्या इंटरप्टवर चालतं आणि सुरक्षिततेसाठी ठेवलेला जास्तीचा बफर कमी होतो. फोकसराइट स्कारलेट किंवा बेरिंजरची यूएमसी मालिका यांसारखे क्लास-कम्प्लायंट इंटरफेस यासाठी वेगळा ड्रायव्हर मागत नाहीत.

प्रायोरिटी हा भाग सर्वात जास्त चुकतो, आणि गंमत अशी की तो चुकला तर रिअल-टाइम कर्नलवर आवाज साध्या कर्नलपेक्षा वाईट होऊ शकतो. साध्या खात्यावरून पाइपवायर चालवलं की ते रिअल-टाइम प्रायोरिटी ‘आरटीकिट’ नावाच्या सेवेकडून मागून घेतं, आणि ती सेवा २० च्या वर देत नाही. आता वरचा ५० आठवा. डिस्क, नेटवर्क, ग्राफिक्स यांचे सगळे इंटरप्ट थ्रेड ५० वर आणि तुमचा ऑडिओ २० वर. म्हणजे मोठी फाइल डाउनलोड होत असताना नेटवर्क कार्ड दर वेळी ऑडिओला बाजूला सारून पुढे जाणार. लोक मग म्हणतात, रिअल-टाइम कर्नल टाकलं आणि त्रास वाढला.

उपाय पाच मिनिटांचा आहे. डेबियनमध्ये ‘जॅकडी२’ हे ऑडिओचं दुसरं पॅकेज बसवताना रिअल-टाइम प्रायोरिटी चालू करू का, असा प्रश्न येतो. ‘हो’ म्हणा. त्यातून ‘लिमिट्स डॉट डी’ फोल्डरात ऑडिओ गटासाठी एक फाइल तयार होते: ‘आरटीप्रायो’ ९५ आणि ‘मेमलॉक’ अमर्याद. स्वतःच्या खात्याला ऑडिओ गटात टाका, आणि पूर्ण बाहेर पडून परत लॉगिन करा. नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही. आता चालू कामांची यादी देणाऱ्या ‘पीएस’ कमांडला थ्रेड, प्रायोरिटी आणि नाव हे तीन रकाने मागा. पाइपवायरचा ‘डेटा-लूप’ नावाचा थ्रेड ८८ किंवा त्याच्या आसपास दिसायला हवा. अजून २० दिसत असेल तर लिमिट लागलेली नाही. त्याच यादीत ‘आयआरक्यू’ने सुरू होणारी आणि नावात ‘एक्सएचसीआय’ असलेली ओळ शोधा. हा यूएसबी कंट्रोलरचा थ्रेड. ऑडिओची प्रत्येक फ्रेम याच्याच हातून येते, आणि तो मात्र अजून ५० वर, डिस्कच्या रांगेत उभा आहे. प्रायोरिटी बदलणाऱ्या ‘सीएचआरटी’ कमांडने त्याला ‘फिफो’ प्रकारची ९० प्रायोरिटी द्या. अशी उतरंड तयार होते: यूएसबी ९०, ऑडिओ ऐंशीच्या घरात, बाकी सगळे ५०. ९९ कुणालाच देऊ नका. कर्नलची स्वतःची काही अत्यावश्यक कामं त्या पातळीवर चालतात.

याची एक बाजू सांगायला हवी. यूएसबी कंट्रोलर वर गेला की त्याच कंट्रोलरवरची बाहेरची हार्ड डिस्कही वर जाते. म्हणून रेकॉर्डिंग आतल्या डिस्कवर करा आणि बाहेरच्या डिस्कवर नंतर कॉपी करा.

‘सायक्लिकटेस्ट’ हे या क्षेत्रातलं जुनं, विश्वासू साधन. ते ठरावीक वेळाने स्वतःला उठवायला सांगतं आणि किती उशिरा उठलं ते मोजतं. डेबियनमध्ये ‘आरटी-टेस्ट्स’ पॅकेजात मिळतं. आकडे वाचताना सरासरीकडे बघायचंच नाही. मागावर धोटा हजार वेळा बरोबर गेला आणि एकदा अडकला, तरी चादरीत दोष राहतो. इथेही तसंच, ‘मॅक्स’ एवढाच आकडा महत्त्वाचा. मशीन मोकळं असताना मोजलेल्या मॅक्सलाही अर्थ नाही. एका खिडकीत मुद्दाम ताण देणारं ‘हॅकबेंच’ सतत चालवा, दुसरीत काही जीबींची फाइल कॉपी होऊ द्या, ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावा, आणि मग किमान तासभर चाचणी घ्या. मॅक्स १०० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर ६४ फ्रेमच्या १,३३३ मायक्रोसेकंदांतला तेरावा भागच वाया गेला; निर्धास्त राहा. ३०० पर्यंतही १२८ फ्रेमवर काम चालतं. हजाराच्या घरात गेला तर रेकॉर्डिंग सुरू करण्यात अर्थ नाही, आधी कारण शोधा.

या चाचणीत दोन सापळे आहेत आणि दोन्ही निकाल खोटा चांगला दाखवतात. पहिला: बरेच लोक ती ९९ प्रायोरिटीवर चालवतात. मग इंटरप्ट थ्रेड तिच्या आड येतच नाहीत आणि आकडा देखणा येतो. तुमचा ऑडिओ ८८ वर चालतो ना, तर चाचणीही ८८ वरच चालवा. दुसरा सापळा जास्त खोल आहे. सायक्लिकटेस्ट सुरू होताना प्रोसेसरला गाढ झोपेत जायला स्वतःच बंदी घालतं. ‘सीपीयू डीएमए लेटन्सी’ नावाची डिव्हाइस फाइल उघडून त्यात शून्य लिहितं आणि चाचणी संपेपर्यंत ती धरून ठेवतं. चाचणी संपली की बंदी उठते, प्रोसेसर पुन्हा झोपू लागतो आणि ‘टक्’ परत येते. चाचणी ४० मायक्रोसेकंद दाखवते, रेकॉर्डिंगमध्ये मात्र एक्सरन, अशी विचित्र अवस्था असेल तर पहिला संशय इथेच घ्या. ‘डिफॉल्ट-सिस्टम’ हा पर्याय देऊन तीच चाचणी परत चालवा. आता मॅक्स उसळला तर दोषी सापडला.

झोपेतून उठायला किती वेळ लागतो, हे कर्नललाच विचारता येतं. ‘सिस’ नावाच्या फोल्डरात प्रत्येक कोअरखाली ‘सीपीयू-आयडल’ असतं आणि प्रत्येक अवस्थेची ‘लेटन्सी’ फाइल मायक्रोसेकंदांत आकडा देते. इंटेलच्या स्कायलेक पिढीसाठी कर्नलच्या कोष्टकात सी-६ ला ८५, सी-८ ला २०० आणि सी-१० ला ८९० मायक्रोसेकंद आहेत; ‘सी’पुढचा आकडा मोठा तितकी झोप गाढ. १,३३३ च्या बफरमध्ये ८९० नुसतं डोळे उघडण्यात गेले तर काम कधी करायचं? जुन्या ऑफिस लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हा आकडा नडतो.

त्यावर इंटरनेटवर हमखास मिळणारा उपाय म्हणजे बूटच्या वेळी सगळी गाढ झोप कायमची बंद करणं. सोलापुरात हा उपाय आम्ही सुचवणार नाही. कोअर सतत जागे राहिले की रिकामं मशीनही तापतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, खोलीत आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. मग प्रोसेसर त्याच्या मर्यादेला पोचतो आणि स्वतःचा वेग एकदम खाली आणतो. म्हणजे मायक्रोसेकंद वाचवायला जाऊन मिलिसेकंद घालवले. त्यापेक्षा तीच डिव्हाइस फाइल फक्त रेकॉर्डिंगपुरती उघडून तिच्यात १०० लिहा आणि ती उघडी ठेवा. स्कायलेकवर सी-६ पर्यंतची झोप चालू राहते, त्याखालची बंद. फाइल बंद केली की नियम आपोआप सुटतो. पाच-सहा ओळींची पायथॉन स्क्रिप्ट पुरते.

तापमानाचा संशय नुसता हात लावून नको, पुरावा घ्या. प्रत्येक कोअरच्या ‘थर्मल थ्रॉटल’ फोल्डरात ‘पॅकेज थ्रॉटल काउंट’ असतो. रेकॉर्डिंगच्या आधी आणि नंतर तो वाचा. वाढला असेल तर प्रश्न उष्णतेचा आहे, कर्नलचा नाही. आणि मग मशीन उघडा. जिथे टॉवेल-चादरींचे माग चालतात त्या घरांत, गल्ल्यांत कापसाची पिंज हवेत असते. ती हीटसिंकच्या पात्यांत जाऊन नमदा बसल्यासारखा थर होतो. ब्लोअरने उलट दिशेने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो फिरून बेअरिंग खराब होतं. पेस्टही बदला. अशा जागी वर्षातून एकदा नव्हे, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आधी, असं दोनदा हे करावं.

आता कर्नललाही न दिसणारा शत्रू. बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, अधूनमधून प्रोसेसर पूर्ण आपल्या ताब्यात घेतं, पंख्याचा वेग ठरवणं किंवा यूएसबी कीबोर्डला जुन्या कीबोर्डसारखं भासवणं अशी कामं करतं आणि सोडून देतं. याला सिस्टम मॅनेजमेंट इंटरप्ट म्हणतात. त्या काळात कर्नल थांबलेलं असतं आणि आपण थांबलो होतो हे त्याला कळतही नाही. रिअल-टाइम कर्नलसुद्धा इथे हतबल आहे. ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ हे साधन यासाठीच आहे: इंटरप्ट बंद करून ते घड्याळ सलग वाचत बसतं आणि मध्ये खंड पडला की नोंद करतं. दहा मिनिटं चालवा. चालू असताना आवाज तुटणारच, तेव्हा रेकॉर्डिंग करू नका. शिवाय ‘टर्बोस्टॅट’च्या ‘एसएमआय’ रकान्यात अशा खंडांची संख्या दिसते. दर काही सेकंदांनी शंभर-दोनशे मायक्रोसेकंदांचा खंड पडत असेल तर बायोस अपडेट करा, ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ बंद करून पाहा (काही मशीनवर मग ग्रबमध्ये यूएसबी कीबोर्ड चालत नाही, हे ध्यानात घेऊन), पंख्याचं नियंत्रण एका ठरावीक वेगावर ठेवा. हे इंटरप्ट मुळातूनच बंद करायच्या युक्त्या फिरतात. त्यांच्या नादी लागू नका, तापमानावरचा पहारा त्यांच्याकडेच असू शकतो.

म्हणूनच रेकॉर्डिंगसाठी वापरलेला ऑफिस डेस्कटॉप घेणार असाल तर रॅम आणि डिस्क बघण्याआधी हे बघा. दुकानदार पेनड्राइव्हवरून डेबियन लाइव्ह सुरू करू देत असेल तर ‘आरटी-टेस्ट्स’ बसवून दहा मिनिटं हीच चाचणी घ्या. घड्याळाची फाइलही वाचा: ‘करंट क्लॉकसोर्स’ ‘टीएससी’ हवा. ‘एचपीईटी’ दिसला तर कर्नलने प्रोसेसरचं घड्याळ भरवशाचं नाही म्हणून सोडलंय आणि प्रत्येक वेळ वाचणं महाग झालंय. रॅम नंतर वाढवता येते, वाईट बायोस मात्र अपडेटने दर वेळी सुधारत नाही.

या सगळ्या साधनांत आमचं सर्वात आवडतं ‘आरटीएलए’. डॅनिएल ब्रिस्टॉट दे ऑलिवेरा यांनी लिहिलेलं हे साधन कर्नलच्या सोर्समध्येच, ५.१७ पासून आहे. त्यातलं ‘टाइमरलॅट’ सायक्लिकटेस्टसारखंच मोजतं. फरक असा, की उशीर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ते थांबून उशिराचा हिशोब मांडतं. ‘ऑटो’ पर्यायाला ३०० मायक्रोसेकंद द्या, प्रायोरिटी ऑडिओइतकी ठेवा, आणि कडकड होते तसं काम चालू करा. थांबल्यावर उत्तर येतं: इंटरप्ट सुरू व्हायलाच किती उशीर झाला, त्यातलं झोपेतून उठणं होतं का, मध्ये कुठल्या दुसऱ्या इंटरप्टने किती वेळ खाल्ला, आणि कुठला थ्रेड नावानिशी आडवा आला, तेव्हा तो कर्नलच्या कुठल्या कामात होता त्याच्या नोंदीसकट. टक्केवारीही देतं. हे वाचल्यावर वादाला जागा राहत नाही. इंटरप्टला झालेला उशीर मोठा आणि ‘आयडल’चा उल्लेख असेल तर झोप, उशीर मोठा पण कुणाचंच नाव नसेल तर बायोस, एखाद्या वाय-फाय ड्रायव्हरचं नाव असेल तर ‘आरएफकिल’ने वाय-फाय बंद करून तीच चाचणी परत. सुरू करण्याआधी ट्रेसिंगच्या फोल्डरात उपलब्ध ट्रेसरांची (कर्नलमधल्या मोजणाऱ्या सोयींची) यादी वाचा. तिथे ‘टाइमरलॅट’ आणि ‘ऑसनॉइज’ नसतील तर ते कर्नल या कामासाठी बांधलेलं नाही.

यूएसबीबद्दल थोडक्यात. ‘एलएसयूएसबी’ला ‘टी’ देऊन झाड बघा. इंटरफेससमोर ४८० एम असावं आणि तो वेबकॅम, माउस, पेनड्राइव्ह यांच्या हबवर नसावा. पुढच्या बाजूच्या पोर्टपेक्षा मागचे, मदरबोर्डवरचे पोर्ट चांगले.

उणिवा सांगितल्याशिवाय परीक्षण पुरं होत नाही. एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर या कर्नलवर बांधायलाच नकार देतो. एक पर्याय देऊन जबरदस्ती करता येते, पण मग उशिराची हमी गेली. व्हिडिओ एडिटिंग आणि रेकॉर्डिंग एकाच एनव्हिडिया मशीनवर करणाऱ्यांनी हे कर्नल घेऊ नये. दुसरं, एकूण काम थोडं हळू होतं. कुलुपं झोपू लागली, इंटरप्ट थ्रेडमध्ये गेले, याची किंमत मोठ्या फाइल हलवताना आणि मिक्स बाहेर काढताना जाणवते. तिसरं, बऱ्याच लोकांना याची गरजच नसते. साध्या डेबियन कर्नलला बूटच्या ओळीत ‘प्रीएम्प्ट=फुल’ आणि ‘थ्रेडआयआरक्यूज’ हे दोन शब्द द्या, वरचीच प्रायोरिटीची उतरंड लावा, आणि १२८ फ्रेमवर तासभर चाचणी घ्या. एक्सरन शून्य असेल तर तिथेच थांबा. ६४ वर किंवा त्याखाली जायचं असेल, किंवा सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात प्रयोग चालू असताना थेट आवाज संगणकातून काढायचा असेल, जिथे एकही ‘टक्’ परवडत नाही, तिथे रिअल-टाइम कर्नल हवंच.

सगळं बसल्यावर खरा उशीर एकदा मोजून ठेवा. इंटरफेसच्या आउटपुटपासून लाइन इनपुटला टीआरएस केबल लावा. त्या इनपुटचा ४८ व्होल्टचा (फँटम) पुरवठा बंद, डायरेक्ट मॉनिटरही बंद. मॉनिटर चालू राहिला तर आवाज फिरत राहून किंचाळेल. स्पीकरची बटणं खाली. मग ‘जॅक-आयओडिले’ चालवून त्याची दोन्ही टोकं जोडा. ते एकूण फ्रेम सांगतं आणि बफरच्या हिशोबापेक्षा जास्तीचे किती तेही सांगतं. त्या जास्तीच्या फ्रेमचा अर्धा-अर्धा वाटा इनपुट आणि आउटपुटच्या लेटन्सीत भरला की ‘आर्डर’ या रेकॉर्डिंग प्रोग्राममध्ये नंतर गायलेला ट्रॅक आधीच्या तबल्यावर बरोबर समेवर बसतो. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की हे मोजमाप नव्याने करा.

आणि प्रत्येक कर्नल अपडेटनंतर दोन गोष्टी तपासा. ग्रबने रिअल-टाइम कर्नलच सुरू केलंय का, आणि यूएसबीचा थ्रेड ९० वर आहे का. ‘सीएचआरटी’ने दिलेली प्रायोरिटी संगणक बंद झाला की पुसली जाते, आणि थ्रेडचा क्रमांकही दर वेळी वेगळा असतो. म्हणून क्रमांक लिहून ठेवू नका. नावाने थ्रेड शोधून प्रायोरिटी देणारी छोटी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या सेवेतून बूटच्या वेळी चालवा. तयार हवी असेल तर ‘आरटीआयआरक्यू’ हीच कामगिरी करते. तिच्या यादीत ‘यूएसबी’ पहिलं ठेवा, कारण नाव मागे पडलं की प्रत्येक पायरीला प्रायोरिटी ५ ने उतरते आणि यूएसबी ८५ वर, म्हणजे ऑडिओच्या खाली जाऊन बसतो.